पैठणची चित्रं खरंच पैठणची आहेत का?

आजचा एपिसोड डोंगरकड्यातून रेकॉर्ड केलाय. ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: नांदेडहून हिंगोलीकडे निघालात, अर्धापूर मागे पडलं, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा दिसायला लागल्या की आमचा कळमनुरी तालुका सुरू होतो आणि रस्त्यावरच डोंगरकडा लागतं. ऑडिओमध्ये मधेच ट्रॅक्टरचा आवाज आला असेल तर सांभाळून घ्या. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लिहिलेला एपिसोड.

सुरुवात हळदीपासून करू. विषय इतिहासाचाच आहे, पण हळद लागणार आहे.

आमच्या भागात हळद भरपूर होते. शेतकरी ती काढतो, शिजवतो, वाळवतो, पॉलिश करतो. मग पोती ट्रकमध्ये चढतात. काही हिंगोलीच्या बाजारात जातात, काही वसमतला, आणि काही थेट सांगलीला. सांगलीच्या बाजारात पोतं उतरलं, सौदा झाला, की पुढे गिऱ्हाईक त्या हळदीला काय म्हणतं? सांगलीची हळद. माल कळमनुरीच्या काळ्या मातीतला, नाव बाजाराचं. यात कोणी चोरी केलेली नसते. जिथे वस्तू विकली जाते तिथलं नाव तिला चिकटतं, एवढंच.

हे डोक्यात ठेवा. आता चित्रांकडे येऊ.

आधी वस्तू बघू

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकर या माणसाने १९२० च्या सुमाराला जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्यं, बाहुल्या, जे मिळेल ते. ते 'अज्ञातवासी' या नावाने कविताही लिहायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या आठवणीत संग्रहालयाला त्याचं नाव दिलं. १९७५ साली त्यांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. आज तिथे वीस हजारांच्या वर वस्तू आहेत.

त्यात काही चित्रं आहेत. कागदावरची, साधारण फूटभर उंच आणि त्याहून थोडी रुंद. भडक लाल, काळा, पिवळा, हिरवा रंग. माणसं एका बाजूने काढलेली, नाक टोकदार, डोळा एवढा मोठा की आधी डोळाच दिसतो. मागे डोंगर नाही, झाड असलं तर नावापुरतं, आकाश नाही. राम, रावण, हनुमान, राक्षस, घोडे, रथ, सगळे कागदभर पसरलेले. दोन कागद पाठीला पाठ चिकटवलेले, म्हणजे एका पानाला दोन्हीकडून चित्र. अशी तीस-चाळीस, कधी त्याहून जास्त पानं एकत्र बांधली की एका गोष्टीची एक 'पोथी' होते.

ही पोथी वाचायची नसते, दाखवायची असते. माणूस एक पान उभं धरतो, त्या प्रसंगाचं गाणं म्हणतो, अर्थ सांगतो, मग पान उलटतो. मागे वाद्यांची साथ. रात्री देवळापुढे गाव जमलेलं, दिव्याच्या उजेडात एकेक पान पुढे सरकतंय. तुम्ही आज बोटाने स्टोरी पुढे सरकवता ना, साधारण तसंच. फक्त इथे सरकवणारा समोर बसलेला असायचा आणि त्याला सगळी कथा पाठ असायची. या माणसाला म्हणायचं चित्रकथी.

तर या अशा भडक, मोठ्या डोळ्यांच्या चित्रांना जगभर म्हणतात 'पैठण चित्रं'. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आणि ब्रिटिश म्युझियममध्येही ती आहेत. अभ्यासक ती साधारण एकोणिसाव्या शतकातली मानतात.

मराठवाड्यातल्या माणसाची छाती फुगायला हे पुरेसं आहे. आपल्या पैठणची चित्रं लंडनला! पण थांबा.

अवतरणचिन्हातलं पैठण

१९७८ साली एव्हा रे यांनी या चित्रांवर एक मोठा लेख लिहिला. दोन वर्षांनी, १९८० मध्ये, ॲना डल्लापिकोला या अभ्यासक बाईंचं जर्मन भाषेतलं पुस्तक आलं. विषय तोच, पैठण चित्रकला. पण पुस्तकाचं मुखपृष्ठ नीट बघितलं की एक गोष्ट लक्षात येते. नावातला 'पैठण' हा शब्द अवतरणचिन्हात टाकलाय. म्हणजे बाईंनी शीर्षकातच सांगून टाकलं: लोक असं म्हणतात म्हणून मीही म्हणते.

शंका का आली? कारण या नावाचा आधार बघायला गेलं तर तो असा: यातली बरीच चित्रं पैठण आणि आसपासच्या भागातून मिळाली, असं सांगितलं गेलं. मिळाली. बनवली नव्हे. विकणाऱ्याने सांगितलं, घेणाऱ्याने लिहून ठेवलं, पुढे तेच नाव पुस्तकात गेलं, पुस्तकातून संग्रहालयाच्या पाटीवर आलं. पाटीवर छापून आलं की आपण ते खरंच धरतो.

आठवली हळद?

आणि पैठणच का, याचाही विचार करा. पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी, संत एकनाथांचं गाव, नाथषष्ठीची मोठी यात्रा. यात्रा म्हटली की दूरदूरची माणसं आली: कीर्तनवाले, वासुदेव, गारुडी, बाहुलीवाले, चित्रं दाखवणारे. अशा गावात कुठलीही वस्तू सापडू शकते. ती तिथे सापडली याचा अर्थ ती तिथल्याच घरात तयार झाली, असा होत नाही. वर पैठण हे नाव आधीच वजनदार. पैठणी म्हटलं की गिऱ्हाईक मान डोलावतं. चित्रालाही ते नाव शोभून दिसलं.

मग ही चित्रं नक्की कुठली? चला, एकेक धागा ओढून बघू.

पहिला धागा: बाहुल्या

पहिला पुरावा खुद्द चित्रातच आहे. माणसं एका बाजूने काढलेली, मागे देखावा नाही, प्रत्येक आकृती कापून ठेवल्यासारखी सुटी, अंगावर नक्षी ठासून भरलेली. असं अजून कुठे दिसतं? चामड्याच्या बाहुल्यांमध्ये. आंध्र आणि तेलंगणात 'तोलुबोम्मलाट' चालतो, कर्नाटकात 'तोगलु गोंबेयाट'. कातडं पातळ करून, रंगवून, कापून बाहुली बनवायची, पांढऱ्या पडद्यामागे दिवा लावायचा आणि रामायण खेळवायचं. त्या बाहुल्या आणि 'पैठण' चित्रं शेजारी ठेवली की भावंडं वाटतात. डल्लापिकोलांसारख्या अभ्यासकांना हेच साम्य खुणावत होतं.

म्हणजे चित्रं दक्षिणेकडची? तेलुगू-कन्नड मुलखातली? तसं म्हणून विषय संपवायला जावं, तर गाडी पुन्हा आपल्याच दारात येते.

दुसरा धागा: घरातली भाषा

आंध्रात चामड्याच्या बाहुल्या खेळवणाऱ्या अनेक कुटुंबांना 'आरे' म्हणतात. तेलुगू मुलखात हा शब्द मराठी मुळाच्या लोकांसाठी वापरतात. पडद्यामागून हे लोक तेलुगूत गातात, पण घरात मराठीची एक जुनी बोली बोलतात. कर्नाटकातल्या किळ्ळेक्यात लोकांचं तेच: खेळ कन्नडमध्ये, घरात मराठी. तमिळनाडूत जा, तिथे 'तोल्पावैकूत्तु' करणारी राव आडनावाची कुटुंबं आहेत, त्यांचीही घरची भाषा मराठी. तंजावरला १६७५ च्या सुमारापासून १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं, त्या काळाशी त्यांचं नातं जोडलं जातं.

एक मिनिट थांबून हे चित्र डोळ्यांपुढे आणा. तमिळ गावात रामायण चाललंय, प्रेक्षक तमिळ, गाणं तमिळ, आणि पडद्यामागे बाप पोराला हळूच मराठीत सांगतोय की आता तो मारुती दे इकडे.

तेव्हा 'चित्रं बाहुल्यांसारखी आहेत, म्हणून ती मराठी नाहीत' हे म्हणणं टिकत नाही. बाहुल्या खेळवणारेच मराठी बोलत फिरत होते. शैली दक्षिणेकडून इकडे आली की इकडून दक्षिणेला गेली, हे ठरवायला चित्र एकटं पुरत नाही.

गोष्टींचा धागाही असाच निसटतो. या पोथ्यांमध्ये महिरावणाची गोष्ट येते, बब्रुवाहनाची येते. अहिरावण-महिरावण राम-लक्ष्मणाला पाताळात पळवून नेतात, ही कथा वाल्मीकी रामायणात नाही. आपल्याकडे ती श्रीधर कवींच्या 'रामविजय' ग्रंथात आहे. १७०३ सालचा हा ग्रंथ मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत श्रावणात वाचला जायचा. म्हणून चित्रं मराठी? पण महिरावण तेलुगूत आणि कन्नडमध्येही तितकाच लाडका आहे. गोष्टीला पासपोर्ट लागत नाही.

कागदाचं काय? दौलताबादजवळ कागजीपुरा आहे, हातकागदासाठी शतकानुशतकं नावाजलेलं, आणि पैठणपासून फार लांब नाही. पण कागद हीसुद्धा बाजारात विकली जाणारी वस्तू. तो कोणीही, कुठेही नेणार. पुन्हा हळदच.

तिसरा धागा: डोकी मोजणारे

आता इंग्रज सरकारच्या कागदांत बघू. १८८५ साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये चित्रकथी या जातीची नोंद आहे. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा मोठा ग्रंथ आला. त्यातही 'चित्रकथी, हरदास' अशी नोंद आहे. १९०१ च्या गणतीत हे लोक मध्य प्रांतात २०० आणि वऱ्हाडात १५००, त्यातले मुख्यतः अमरावती जिल्ह्यात.

डोंगरकड्यातून वऱ्हाड किती लांब आहे? उत्तरेला गेलात, पैनगंगा ओलांडली, की आलंच. म्हणजे आमच्या पणजोबांच्या काळात नदीपलीकडच्या मुलखात चित्रं दाखवणारी शेकडो माणसं होती. ती नदीवर येऊन माघारी फिरत असतील का? भिक्षुकीवर जगणारा माणूस सुगी जिकडे असेल तिकडे जातो.

याच ग्रंथात अजून एक बारीक गोष्ट आहे. मुंबई इलाख्यातल्या चित्रकथींची कुळं जाधव, मोरे, पवार अशी. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्यांची अगदी वेगळी. त्यावरून लेखकांनी अंदाज बांधला की ही एका मुळातून फुटलेली जात नसावी. वेगवेगळ्या ठिकाणची माणसं एकाच धंद्यात आली आणि त्या धंद्याचंच नाव त्यांना पडलं.

हे महत्त्वाचं आहे. आपण चित्राचं एक गाव शोधतोय, आणि चित्र धरणाऱ्या माणसांनाच एक गाव नव्हतं.

चौथा धागा: फार जुनी गर्दी

धंदा किती जुना? बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात चित्रं दाखवत कथा सांगणाऱ्याला 'चित्रकथक' म्हटलंय. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं. लातूर-धाराशिवला अगदी लागून.

त्याच्याही आधी, सातव्या शतकात, बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त एक प्रसंग आहे. राजा हर्ष घाईने घरी परततोय, वडील आजारी आहेत. बाजारात पोरांचा घोळका दिसतो. मधोमध एक माणूस यमाचं चित्र टांगून, नरकात कोणाचं काय होतं ते सांगतोय. तेराशे वर्षांपूर्वीही पोरं तशीच घोळका करून चित्र बघत होती.

बंगालमध्ये पटुआ, राजस्थानात फड वाचणारे भोपे, जपानमध्ये 'एतोकी', इटलीत 'कांतास्तोरिए'. चित्र दाखवून गाणारा माणूस जगभर सापडतो. आणि जवळपास सगळीकडे तो फिरस्ता असतो, गरीब असतो, आणि त्याचं नाव कोणी लिहून ठेवलेलं नसतं.

आणि सीमा कोणाच्या?

चित्रं महाराष्ट्राची की आंध्राची की कर्नाटकाची, हा प्रश्न आपण आजच्या नकाशावर विचारतो. ती चित्रं काढली गेली तेव्हा हा नकाशाच नव्हता. पैठण, परभणी, हिंगोली, नांदेड, पलीकडे निर्मळ, खाली बिदर, गुलबर्गा, हे सगळं निजामाचं हैदराबाद संस्थान. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं आणि १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार तुकडे झाले. आमचा हिंगोली जिल्हा तर १९९९ चा, परभणीतून निघालेला. माझ्यापेक्षा फार मोठा नाही.

गोदावरी पैठणहून निघते, नांदेडला येते, पुढे बासरला जाते. काठाने चालणारा चित्रकथी कुठे मराठीत गायचं थांबला आणि कुठे तेलुगूत सुरू झाला, ते त्याला कळत असेल. आपल्याला ते रेघ मारून दाखवता येणार नाही. कधीकधी पाटीवर 'महाराष्ट्र-आंध्र सीमाभाग' असं लिहितात. कुणाला ते गुळमुळीत वाटेल. मला तेच जास्त खरं वाटतं.

पिंगुळीत वेगळं काय झालं?

आता सिंधुदुर्गात जाऊ. कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथला ठाकर समाज आजही चित्रकथी सांगतो. शिवाय कळसूत्री बाहुल्या खेळवतो आणि चामड्याच्याही. म्हणजे चित्र आणि बाहुली एकाच घरात, जे आपण पहिल्या धाग्यात बघितलं ते इथे जिवंत दिसतं. सावंतवाडी संस्थानाचा या लोकांना आश्रय होता. २०२१ मध्ये इथल्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली.

पिंगुळीची चित्रं 'पैठण' चित्रांहून वेगळी दिसतात, जरा मवाळ रंगांची. पण खरा फरक असा: पिंगुळीच्या पोथीबद्दल शंका आली तर विचारायला माणूस आहे. हे पान कोणत्या गाण्याचं? हा लाल रंग कशाचा? आजोबांनी काढलं की मामाकडून आलं? उत्तर मिळतं. १९८४ मध्ये व्हॅलेंटिना श्टाखे-रोझेन यांनी पिंगुळीच्या चित्रांवर लिहिलं, तेव्हा त्यांच्या लेखाचा विषय चित्रांतून कथा कशी सांगतात हाच होता.

'पैठण' पोथ्या मात्र संग्रहालयात एकट्या आल्या. चित्र आलं, गाणं आलं नाही. कागद आला, ज्याच्या हाताच्या घामाने त्या कागदाच्या कडा काळ्या पडल्या तो माणूस आला नाही. त्याने ती का विकली असेल, हे समजायला फार डोकं लागत नाही. सिनेमा आला, रेडिओ आला, चित्रं बघायला गर्दी जमेना, आणि कोणीतरी शहरातून आलेला माणूस जुन्या कागदाचे पैसे देत होता. केळकरांसारख्या माणसांनी ती जपली म्हणून आज निदान बघायला तरी मिळतात, नाहीतर चुलीत गेली असती. तेवढं श्रेय द्यायलाच पाहिजे. पण विकणाऱ्याला चार प्रश्न विचारून उत्तरं पोथीसोबत लिहून ठेवली असती, तर आज 'पैठण' हा शब्द अवतरणचिन्हात टाकायची वेळ आली नसती.

मग उत्तर काय?

मला विचाराल तर 'पैठण चित्रं' हे नाव राहू द्या. इतकं रुळलंय की बदललं तर नवा गोंधळ होईल. फक्त ते गावाचं नाव म्हणून वाचू नका, बाजाराचं नाव म्हणून वाचा. सांगलीच्या हळदीसारखं. चित्रं दख्खनच्या त्या पट्ट्यातली, जिथे मराठी, तेलुगू, कन्नड एकमेकांत मिसळतात. ती चालत्या माणसांची आहेत, आणि चालणाऱ्या माणसाचा पत्ता विचारला की तो रस्ताच दाखवणार.

आता तुमच्याकडे वळतो.

तुमच्या घरात माळ्यावर, ट्रंकेत, देवघरात एखादी जुनी वस्तू असेल. पितळेची मूर्ती, लाकडी मुखवटा, रंगवलेला पाट, हस्तलिखित पोथी. भंगारवाला किलोवर भाव सांगेल. शहरातून येणारा एखादा गोड बोलून जरा जास्त देईल. दोघंही एक प्रश्न विचारणार नाहीत: ही तुमच्याकडे आली कशी?

तो प्रश्न तुम्ही विचारा. आजीला विचारा. आणि विचारताना शब्द नीट वापरा. 'ही कुठली?' असं विचारलं की आजी म्हणेल, 'पैठणची.' तिथे थांबू नका. कोणी आणली? विकत घेतली की कोणी दिली? बनवणारा कोण होता, त्याला काय म्हणायचे, तो कोणत्या महिन्यात यायचा, कोणती भाषा बोलायचा, काही गायचा का? आजीला गाणं आठवत असेल तर अर्धंमुर्धं का होईना, म्हणायला लावा. फोन तुमच्या हातातच आहे, रेकॉर्डचं बटण दाबा. वस्तूचा फोटो चारही बाजूंनी काढा, पाठ आणि बूडसुद्धा. खाली तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव लिहा. साफ करायच्या नादात चिंचेने घासू नका, जुन्या खुणा निघून जातात.

आणि एक कायद्याची गोष्ट. १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू या कायद्यात येतात, ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं पुरतात. अशा वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, आणि जुन्या चित्रांची, मूर्तींची सरकारी नोंदणी करावी लागते. ठेवायला बंदी नाही. पण गुपचूप विकली तर वस्तू जाते आणि तिची गोष्टही जाते.

काल रात्री स्क्रिप्ट लिहून झाली तेव्हा माझ्या आजीला सहज विचारलं, की तुझ्या लहानपणी गावात चित्रं दाखवणारा कोणी यायचा का? ती म्हणाली, 'चित्राचं नाही बाबा आठवत. पण बाहुल्यावाले यायचे. रात्री देवळापाशी पडदा लावायचे. कुठून यायचे कुणास ठाऊक, बोलायचे मात्र आपल्यासारखंच, जरा वेगळं.'

जरा वेगळं म्हणजे कसं, ते तिला आठवेना. वीस वर्षांपूर्वी विचारलं असतं तर कदाचित आठवलं असतं. तेव्हा मी विचारलं नाही.

तुम्ही आज विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.